गुणाजीचा राहिलेला कान

बायजाला कोणी विचारलं असतं, की बाई गं, तुझ्या नवऱ्याचा हात असा ऊठसूट का उठतो, तर तिनं माडीच्या नशेला दोष दिला नसता, की मिठागरावरच्या उन्हाला दिला नसता. तिनं सरळ सांगितलं असतं, "लग्नात याचा कान पिळायचा राहून गेला."

हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं. पण डोंबिवलीच्या खालच्या अंगाला, खाडीला लागून असलेल्या त्या खारवाडीत ही रीत हसण्यावारी नेण्याची नव्हती. अंतरपाट धरण्याआधी नवरीच्या पाठच्या भावानं नवऱ्याचा उजवा कान धरायचा, चांगला पिळायचा आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं विचारायचं, "माज्या बहिनीला मारशील?" नवऱ्यानं ओय ओय करत ओरडायचं, "नाय मारनार, सोड बाबा!" मग नवऱ्यानं त्या पोराच्या डोक्यावर कोरं पागोटं ठेवायचं. पोरं खिदळायची, म्हाताऱ्या पदरानं डोळे टिपायच्या. खेळच तो, पण नवऱ्यानं तोंडातून काढलेला तो शब्द मांडवातल्या प्रत्येकानं ऐकलेला असायचा, आणि पुढे कधी वेळ आलीच तर बाईला तो काढून दाखवता यायचा.

बायजाला काढून दाखवायला काही नव्हतं. विठ्ठलवाडीकडची ती पोरकी पोर, मामाच्या घरी वाढलेली. भाऊ नाही, बहीण नाही. तिच्या लग्नात लग्नाची गाणी गाणाऱ्या धवलारीण हौसाबाईनं गाणं थांबवून विचारलं होतं, "कान पिळायला कोन हाय?" तेव्हा मामा घाम पुसत म्हणाला होता, "नाय कोन. चला, उरका." आणि उरकलं. बाशिंगाखाली गुणाजी दात काढून हसला होता. ते हसू बायजा अजून विसरली नव्हती.

पुढं काय झालं ते साऱ्या वाडीला ठाऊक होतं. कालवणात मीठ जास्त झालं म्हणून मार, कमी झालं म्हणून मार. जन्मभर मीठ पिकवणाऱ्या त्या माणसाला जेवणात मीठ किती हवं ते काही ठरवता आलं नाही. बाहेरही तसंच. बांधावरून भांडण, मिठागरात पाणी घेण्याच्या दारावरून भांडण, कोणाचा बैल खाडीकाठच्या खाजणात शिरला म्हणून कोणाचं डोकं फुटलं. गुणाजी आला की माणसं वाट सोडायची आणि त्याला वाटायचं, आपल्याला मान देतात.

दोन मुलगे पटकीत गेले. राहिल्या दोन मुली, तेरा वर्षांची रतन आणि आठ वर्षांची जया. रतनचं लग्न शीळच्या महिपतच्या मुलाशी ठरलं. मुलाचं नाव आनंदा. घर चांगलं, भाताची जमीन, दारात दोन बैलजोड्या. गुणाजी खूश होता. बायजाच्या जिवाला मात्र एकच घोर लागला. बाकी काही कमी पडलं तरी चालेल, पण रतनच्या नवऱ्याचा कान पिळला गेला पाहिजे. आपल्यासारखी ही पोर मोकळ्या पाठीनं सासरी जाता कामा नये.

"माज्या चुलतभावाचा रघू हाय की," गुणाजी म्हणाला.

"रघू चार वर्सांचा. कान धरंल नि तिथंच मुतंल. कान जया पिळंल. रतनच्या पाठीवर ती आली, तिचा मान हाय."

"पोरगी? पोरगी कान पिळनार? शीळवाले तोंडात शेन घालतील माज्या!"

"घालू दे."

त्यानं हातातला तांब्या फेकून मारला. तो तिच्या खांद्याला लागला. एरवी बायजा तिथून उठून परसात गेली असती. त्या दिवशी ती हलली नाही. खांदा चोळत म्हणाली, "जयाच पिळंल." त्यानं केस धरून ओढलं. "जयाच," ती म्हणाली. त्यानं एक ठेवून दिली. "जयाच," ती पुन्हा म्हणाली. ओठातून रक्त येत होतं, तरी तोंडात तोच शब्द.

हा तंटा सुटला तो हौसाबाईमुळे. ती म्हातारी सबंध खाडीकाठची लग्नं गाऊन लावणारी. तिच्या गाण्याशिवाय या लोकांत हळदही लागत नसे. तिनं ओसरीवर बसून पानाला चुना लावला आणि म्हणाली, "गुना, जया कान पिळनार नसंल तर मी गात नाय. तू गा. रेड्यासारका आवाज हाय तुजा, शीळपर्यंत जाईल." गुणाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण धवलारणीवर हात टाकायची हिंमत त्याच्यात नव्हती. तो पाय आपटत मिठागरावर निघून गेला, आणि जयाचा मान ठरला.

मग काय विचारता! जयानं वाडीतल्या एकाही पोराचा कान जागेवर ठेवला नाही. शेळीचा पिळला, हरिहर तांडेलाच्या कुत्र्याचा पिळला. रघूचा तर इतका पिळला, की तो तिला बघून घरात पळू लागला. लग्नात पोरांची कामं वाटली गेली. कोणी करवलीच्या मागं दिवा धरायचा, कोणी अक्षता वाटायच्या. पण सगळ्यांना ठाऊक होतं, की खरं काम जयाचं. ती रात्री आईच्या कुशीत पुटपुटायची, "माज्या बहिनीला मारशील?" आणि बायजा अंधारात म्हणायची, "जरा मोठ्यानं बोल. मागच्यांना ऐकू जायला पायजे."

वैशाखात, मिठाच्या राशी उचलून झाल्यावर, मांडव पडला. सकाळी शीळवाल्यांच्या गाड्या आल्या. बैलांच्या शिंगांना गोंडे, पुढं ताशा. सरकारनं माडांवर पट्टी बसवल्यापासून माडी महागली होती, पण शीळवाल्यांनी वाटेत कुठं ती गाठली होती हे त्यांच्या चालीवरून कळत होतं. आनंदा उंचापुरा होता. बाशिंगाखाली त्याचे डोळे तांबारलेले होते. बायजानं पाय धुताना ते पाहिलं. लग्नाची गडबड, ऊन, वाटेची धूळ, असं म्हणून तिनं मनाला समजावलं.

हौसाबाईनं गाणं सुरू केलं. आनंदा बहुल्यावर येऊन बसला. रतन हळदीनं पिवळीजर्द, मान खाली घालून आतल्या दाराशी थांबली होती. हौसाबाईनं गाणं थांबवलं आणि तिनं विचारलं, "कान पिळायला कोन हाय?"

"मी हाय!" जया ओरडली. इतक्या मोठ्यानं ओरडली, की खाडीवरचे बगळे उडाले असतील. तिनं आपला लाकडी पाट ओढत आणला, आनंदाजवळ टाकला, त्यावर चढली आणि त्याचा उजवा कान धरला.

शीळच्या पोरांत हशा पिकला. "आनंदा, पोरीनं धरला रे तुला!" "आता हिच्याच धाकात ऱ्हा जन्मभर!" "बांगड्या पन भर!" आनंदाचं तोंड लाल झालं. जयानं कान पिळला. शेळीवर शिकलेला पीळ होता तो, साधा नव्हता.

"माज्या बहिनीला मारशील?"

"सोड," आनंदा दातांतून म्हणाला.

आता रीत अशी, की उत्तर येईपर्यंत कान सोडायचा नाही. जया रीतीला पक्की होती. तिनं आणखी पिळला. "मारशील का सांग!"

"सोड म्हनतो ना!"

"आधी सांग!"

मागून कोणीतरी शीळ घातली, हशा वाढला, आणि आनंदानं जयाचं मनगट धरलं. धरलं आणि मुरगाळलं. कोरडी काटकी मोडावी तसा आवाज झाला. मग त्यानं तिला बहुल्यावरून भिरकावून दिलं. ती मांडलेल्या मडक्यांवर जाऊन पडली. मडकी फुटली, पोर खापरांत पडून राहिली आणि मग तिच्या तोंडून जी किंकाळी फुटली, ती ऐकून ताशेवाल्याच्या हातातली काडी गळाली.

बायजा धावली. जयाचा हात कोपराखाली भलत्याच बाजूला वळला होता. तिनं पोरीला पोटाशी घेतलं आणि गुणाजीकडं पाहिलं. सगळा मांडव गुणाजीकडं पाहत होता. वाडीची माणसं तर दोन पावलं मागंच सरकली, कारण आता काय होणार हे त्यांना ठाऊक होतं. बैल खाजणात शिरला म्हणून माणसाचं डोकं फोडणारा गुणाजी! आता शीळला प्रेत जाणार.

गुणाजी उठला. त्याच्या मुठी वळल्या होत्या. महिपत व्याही लगबगीनं पुढं आला आणि म्हणाला, "पोर मदे आली, लागलं थोडं. लग्न म्हनल्यावर असं व्हायचंच. अंतरपाट धरा." वाडीचा म्हातारा काळुराम गुणाजीच्या कानाशी लागला, "गुना, पोरीला हलद लागलीय. आता लगीन मोडलं तर तिला कोन नेनार? तुजं नाव काय ऱ्हानार?"

गुणाजीनं एकदा जयाकडं पाहिलं. एकदा शीळच्या गाड्यांकडं, त्या दोन बैलजोड्यांकडं पाहिलं. त्याच्या मुठी सुटल्या. तो खाली बसला आणि म्हणाला, "हौसाबाय, म्हन पुडं."

बायजानं त्याच्या हाताकडं पाहिलं. इतकी वर्षं हा हात तिनं सोसला होता. घरात नको तेव्हा उठणारा हात एक दिवस तरी आपल्या लेकरांसाठी उठेल, एवढ्या आशेवर सोसला होता. तो हात आता मांडीवर पडला होता, लाकडाच्या ओंडक्यासारखा. आणि दाराशी रतन उभी होती, आनंदाच्या बाशिंगाकडं बघत.

हौसाबाई काही गायली नाही. तिनं तोंडातलं पान थुंकलं आणि पदर कमरेला खोचला.

हळदीचं मुसळ खांबाला टेकून ठेवलं होतं. त्याला पिवळं फडकं आणि आंब्याची पानं बांधलेली. बायजानं जयाला हौसाबाईच्या मांडीवर दिलं, मुसळ उचललं आणि कोणाला काही कळायच्या आत आनंदाच्या डोक्यावर घातलं. बाशिंग फुटून त्याच्या काड्या उडाल्या. घाव निसटून कानावर बसला आणि कान फाटून रक्ताची धार लागली. "बोल!" बायजा ओरडली. "मारशील? माज्या पोरीला मारशील? सांग ना, भाड्या!" आणि दुसरा घाव तिनं त्याच्या खांद्यावर घातला. आनंदा बहुल्यावरून गुरासारखा हंबरत खाली आला.

मग जे झालं त्याला लग्न म्हणायचं तर लढाई कशाला म्हणायचं? शीळवाल्यांनी गाड्यांचे खुंट उपसले. वाडीच्या पोरांनी मांडवाच्या मेढी उपसल्या, तसा अर्धा मांडव माणसांच्या डोक्यावर आला. एकानं जळतं लाकूड चुलीतून ओढलं. भाताचे हंडे उपडे झाले, गरम पेजेनं माणसं भाजली, आणि त्या भातात घसरून पडलेल्यांना इतरांनी तुडवलं. हरिहर तांडेलानं वल्ह्यानं एकाचे पुढचे दात पाडले. महिपतच्या भावानं वाडीतल्या एकाच्या मांडीत कोयता घातला. रक्त कुठलं आणि हळद कुठली, कळेनासं झालं. रतननं मात्र शहाणपण केलं. तिनं हौसाबाईच्या मांडीवरून जयाला उचललं, अक्षता वाटणाऱ्या, दिवे धरणाऱ्या सगळ्या पोरांना घरात ढकललं आणि आतून आडणा घातला.

बायजाचे केस महिपतनं धरले. तिला ओढत त्यानं बहुल्याच्या कडेवर आपटलं. तेव्हा कुठं गुणाजी उठला. बायकोसाठी उठला की मांडवात आपल्या बायकोला दुसरा कोणी मारतो म्हणून उठला, हे त्याचं त्याला माहीत. पण उठला तो असा, की महिपतचा हात त्यानं खांद्यातून निखळवला. कोणीतरी त्याच्या कपाळावर दगड घातला. पागोट्याखालून रक्त वाहू लागलं, तरी तो मारतच होता.

बैल उधळले म्हणून हे संपलं. गाड्या शीळफाट्याच्या वाटेनं आपसूक पळत सुटल्या आणि शीळवाले त्यांच्यामागं. आनंदाला दोघांनी खांद्यावर टाकून नेलं. जाताना ते शिव्या देत होते, वाडीला, वाडीच्या आयाबहिणींना आणि सगळ्यांत जास्त बायजाला.

दुपार कलली तेव्हा अंगणात काळुराम आणि चार माणसं बसली होती. कोणाचं डोकं बांधलेलं, कोणाचा हात गळ्यात. काळुराम गुणाजीला म्हणाला, "मांडव बायकोनं मोडला, गुना. हलदीची पोर घरात ऱ्हायली. आता तुज्या घरात पोरगी मागायला कोन येनार? बायकोला आवरता येत नाय तुला, असं म्हनतील लोक." एवढं बोलून तो उठला आणि बाकीच्यांना घेऊन गेला. विस्तवावर तेल ओतून माणसं घरी जातात तसा.

गुणाजी घरात आला. बायजा चुलीपाशी जयाच्या हाताला बांबूच्या कांबी बांधत होती. हळदीचा लेप लावला होता. ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, "पानी द्या जरा."

त्यानं पाणी दिलं नाही. त्यानं तिच्या पाठीत लाथ घातली. ती चुलीवर कोसळता कोसळता वाचली. मारामारीतून घरात आलेला गाडीचा खुंट हाताशी होता, तो त्यानं उचलला. "घराची राख केलीस!" तो ओरडला. पहिला घाव तिच्या दंडावर बसला. बायजानं हात वर केले नाहीत. जीव दमला होता तिचा. आज आनंदाचा कान फाडला, महिपतचा मार खाल्ला, आणि शेवटी घरात हाच. तिला वाटलं, मारू दे, संपू दे एकदाचं.

तेवढ्यात जमिनीवरून काहीतरी घसटत येण्याचा आवाज आला. जया एका हातानं पाट ओढत होती. मांडवातला तोच पाट, रतननं पोरांबरोबर आत आणलेला. जयानं तो गुणाजीच्या मागं टाकला. तिचा मोडका हात कांबीत लटकत होता. ती पाटावर चढताना तोल गेला, तशी रतननं धावत येऊन तिला कमरेला धरलं. हळदीच्या पिवळ्या हातांनी धरलं. आणि जयानं डाव्या हातानं बापाचा कान पकडला.

गुणाजीनं झटकन मान वळवली. खुंट हातात तसाच. सकाळी मांडवात नेमकं असंच झालं होतं. "जया, सोड गं," बायजा म्हणाली. "सोड, बाय माजी."

जया रीतीला पक्की होती. तिनं पीळ दिला.

"बा, माज्या आयेला मारशील?"

"उतर खाली!"

"मारशील का सांग!"

गुणाजीनं दुसरा हात तिच्या मनगटावर टाकला. धरलं. त्याच्या पंजात ते मनगट काडीएवढं होतं, आणि त्याच्या डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर, दुसरं मनगट कांबीत बांधलेलं होतं, सुजून निळं झालेलं. पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण कान ती सोडत नव्हती. रतननं तिला घट्ट धरून ठेवलं होतं. त्याच्या दोन्ही मुली त्याच्याकडं बघत होत्या, सकाळी जशा आनंदाकडं बघत होत्या तशाच. गुणाजीला ते कळलं. कळलं म्हणूनच त्याला तिथं उभं राहवेना.

खुंट खाली पडला. तो गुडघ्यांवर बसला, तसा जयाचा हातही कानाबरोबर खाली आला.

"सांग," ती म्हणाली.

"नाय."

"मोठ्यानं बोल. मागच्यांना ऐकू जायला पायजे."

मागं कोणी नव्हतं. चूल होती आणि बायजा होती. "नाय मारनार," गुणाजी म्हणाला. "सोड, माजे आये."

जयानं कान सोडला. मग हुंदके देत म्हणाली, "नि माजं पागोटं?"

गुणाजीनं आपल्या डोक्यावरचं पागोटं सोडलं. अर्धं रक्तानं कडक झालेलं होतं. त्यानं तो भाग दातांनी फाडून टाकला आणि उरलेल्याची झोळी करून जयाचा मोडका हात तिच्या गळ्यात बांधला. त्याला ते नीट जमेना, तशी बायजा उठली आणि तिनं गाठ मारून दिली. ती रडत होती. मोठ्यानं, पोरकी पोर रडते तशी, आणि तिला कोणाची लाज वाटत नव्हती.

रतनचं लग्न पुढं झालं. दोन वर्षं लागली, आणि घर शीळसारखं नव्हतं, पण त्या पोरानं कान पिळल्यावर पहिल्याच वेळी "नाय मारनार" म्हणून सांगितलं. त्या दिवसानंतर गुणाजीनं कधी हात उचलला नाही असं कोणी सांगितलं, तर तो खोटं बोलतो असं समजावं. उचलला. पण हात वर गेला, की कोपऱ्यातून जमिनीवर पाट ओढल्याचा आवाज यायचा, आणि गुणाजी हात खाली करून मिठागरावर निघून जायचा.